आधी फोटो, मग फडकं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना रिकामं बसता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. त्यांच्यासोबत एका घरात राहून बघा, मग कळेल. तुम्ही चहाचा शेवटचा घोट घ्यायच्या आत कप हातातून गेलेला असतो. धुऊन, पुसून, ओट्यावर पालथा. पेपर वाचायला पाय जरा लांब करावेत तर पायाखालून केरसुणी फिरते. पाहुणे बसलेले असताना या बाई त्यांच्या मागे उभ्या राहून खिडकीचे गज पुसतात. मोठे भाऊजी म्हणतात, "यम दारात आला तरी ही त्याला म्हणेल, पाय पुसून आत या." यावर जाऊबाई हसतसुद्धा नाहीत. पायपुसणं झटकून परत टाकतात.

मी शाळेची व्हॅन चालवते. सकाळी पोरं सोडायची, दुपारी आणायची, आणि मधला वेळ माझा, असा माझा समज होता. जाऊबाई 'सोबत' नावाच्या केंद्रात जायला लागल्या आणि तो वेळ त्यांचा झाला. "अगं, तू रिकामीच आहेस ना, जरा सोडतेस?" त्यांचं हे 'जरा' गावाच्या दुसऱ्या टोकाला असतं. आणि व्हॅनमध्ये बसल्या की यांचा हात लगेच डॅशबोर्डवर. माझ्या गाडीची काच आतून माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त वेळा पुसली असेल.

केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा माठ आणि एक फोन. एका वकीलबाईंनी ते सुरू केलं. कुठून आलात, घरात कुठली भाषा बोलता, कुणापुढे हात जोडता, तोंडावळा कसा आहे, एवढ्याच कारणासाठी ज्यांना रस्त्यात अडवतात, मारतात, ज्यांच्या खिडकीवर दगड येतो, त्या माणसांसाठी. फोन आला की केंद्रातलं कुणीतरी निघायचं. चौकीत सोबत जायचं, दवाखान्यात सोबत जायचं, कोर्टाची तारीख असली तर बाकावर शेजारी बसायचं. पुढे काय काय होणार आहे ते आधीच समजावून सांगायचं, म्हणजे माणूस ऐन वेळी गांगरत नाही. झोप उडालेल्यांसाठी एक डॉक्टरीणबाई येतात. आणि हे सगळं झाल्यावर बऱ्याचदा नुसतं बसायचं असतं. त्या घरात, त्या माणसांजवळ, काही न बोलता.

नुसतं बसायचं! आणि आमच्या जाऊबाई! मी पोट धरून हसले होते. पण खोटं कशाला बोलू, त्यांना ते काम जमलं. त्या घरात जायच्या, समोर जे असेल ते हातात घ्यायच्या, कधी शेंगा सोलायला, कधी कपड्यांच्या घड्या घालायला, आणि बोलायच्या काहीच नाहीत. समोरची बाईही मग घडी घालायला लागायची, आणि घडी घालता घालता बोलायला लागायची. वकीलबाई म्हणायच्या, "मी तासभर विचारून जे मिळत नाही ते यांना अर्ध्या टोपलीत मिळतं."

फक्त एका गोष्टीला सक्त मनाई होती. भिंतीवर वकीलबाईंनी लाल अक्षरात लिहून ठेवलं होतं: आधी फोटो, मग फडकं. कारण ज्याच्यावर हल्ला होतो त्याला पहिली घाई असते ती आवरायची. काचा झाडायच्या, रक्त धुवायचं, भिंतीवरचं खरवडायचं. लाज वाटते हो माणसाला, लाज ज्यांना वाटायला पाहिजे ते मजेत फिरत असतात ते सोडा. आणि मग चौकीत गेल्यावर दाखवायला काही उरत नाही. केंद्रात नवीन कुणी आलं की जाऊबाई त्यांना त्या पाटीसमोर उभं करायच्या आणि बोट नाचवत सांगायच्या, "कितीही हात शिवशिवले तरी लावायचा नाही. माझ्याकडे बघा. मी लावते का?"

आता आजींबद्दल सांगते.

केंद्रात दुपारी एक वर्ग चालतो. बाहेरून येऊन इथे राहिलेल्या बायकांना इथलं लिहायला-वाचायला शिकवायचा. वर्गाची मास्तरीण अर्थातच आमच्या जाऊबाई. आणि त्या वर्गातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी म्हणजे चष्मेवाल्याची आई. जुन्या बाजारामागच्या गल्लीत मुलाचं चष्म्याचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. मुलगा, सून आणि आजी. सगळ्या गावाला वाचायला चष्मे देणारा मुलगा, आणि आईला दुकानातल्या त्या डोळे तपासायच्या तक्त्यावरचं एक अक्षर येईना. "लोक येतात, माझ्या घरात उभे राहून वाचून दाखवतात, आणि मी बघत बसते. वयाची काही लाज आहे का नाही मला?" असं म्हणत त्या वर्गात आल्या होत्या.

आजींची एक खोड होती. शब्द लिहून झाला की पाटी उचलून धरायची आणि विचारायचं, "मास्तरीणबाई, बरोबर आहे का गं?" आणि जाऊबाई कुठल्याही कोपऱ्यात असल्या तरी तिथून ओरडायच्या, "बरोबर!" त्याशिवाय आजी पुढचा शब्द घ्यायच्याच नाहीत. पुढे पुढे तर रस्त्यातसुद्धा. मी दोघींना व्हॅनमधून सोडायला निघाले की आजी खिडकीला नाक लावून प्रत्येक पाटी वाचणार. "पिठा... ची... गिरणी. बरोबर?" "बरोबर!" "येथे... थुंकू... नये. बरोबर?" "बरोबर!" मी सिग्नलला तोंड दाबून हसायचे. जाऊबाईंना स्वतःचं मूल नाही. आजींनी नवा शब्द वाचला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मी आरशातून बघायचे आणि मग रस्त्याकडे बघायचे.

त्या गल्लीत तसं बरेच दिवस काहीबाही चाललेलं होतं. नाक्यावर बसणारी तीन-चार टोळभैरवं चष्मेवाल्याच्या गिऱ्हाइकांना टोमणे मारायची. एकदा दुकानाच्या पायरीवर घाण टाकली. चष्मेवाला पडला भिडस्त, म्हणायचा, "होईल शांत." वकीलबाईंनी त्याला समजावलं होतं की प्रत्येक वेळी कळवत जा. तो मान हलवायचा आणि कळवायचा नाही.

ज्या दिवसाबद्दल सांगतेय, त्या सकाळी मी पोरं सोडून परतत होते. वाटेत जाऊबाई भाजी घेताना दिसल्या म्हणून गाडीत घेतलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आजींची सून, चष्मेवाल्याची बायको. म्हणाली, "ताई, या. दार बघा येऊन."

मी गाडी वळवली ती कुठल्या वेगाने वळवली ते विचारू नका. जाऊबाईंनी तेवढ्यात वकीलबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज मला चालवतानाही ऐकू आला, "मी निघालेच. कशालाही हात लावू देऊ नका. कुणालाही."

"नाही हो, मला माहीत नाही का!" जाऊबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि माझ्या आरशावरची धूळ बोटाने पुसली.

गल्लीत शिरले तर दुकानाची मोठी काच पडलेली. आत फ्रेमांचे ट्रे उलटेपालटे, पायरीवर काचांचा खच. बाजूला असलेलं त्यांच्याच घराचं लाकडी दार मला गाडीतून अर्धंच दिसलं. त्यावर काळ्या रंगाचे मोठे फटकारे होते, ओघळ अजून ओले होते. जाऊबाई उडी मारूनच उतरल्या. मी उतरणार तोच मागून टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. ती गल्ली एवढी चिंचोळी, की कुणीतरी पुढे सरकल्याशिवाय दुसऱ्याला हलता येत नाही. त्याला दोन शब्द सुनावून मी गाडी पुढच्या चौकात नेऊन लावली आणि पळत परत आले.

आले तर जाऊबाई दारापाशी उभ्या. एका हातात रॉकेलचा डबा, दुसऱ्या हातात स्वतःचा पदर. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. आणि दारावर नुसता काळा धूसर फराटा. अक्षर म्हणून एक उरलं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "काय केलंत हो हे?"

सून रडत होती, तिने सांगितलं. चष्मेवाला हातातली कामं टाकून तसाच चौकीकडे धावला होता, फोनही घरात विसरून. तिला स्वतःला इथलं वाचता येत नाही. नवऱ्याचा चेहरा बघून तिला कळलं होतं काय ते. आजी मागे न्हाणीघरात होत्या. काच फुटल्याचं त्यांना कळलं होतं, पण दाराचं कुणी सांगितलं नव्हतं. जाऊबाई दारासमोर उभ्या राहून ते वाचत होत्या, आणि तेवढ्यात आतून न्हाणीघराची कडी वाजली. आजींची काठी खोलीतून दाराकडे यायला लागली, टक, टक.

आजी समोर दिसेल ते मोठ्याने वाचतात. त्यांना थांबता येत नाही. त्या दारात येणार, ओठ हलवत एकेक अक्षर जुळवणार, आणि आपल्या घराच्या दारावरचा तो शब्द गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचणार. आणि वर विचारणार, बरोबर आहे का गं?

जाऊबाईंनी कोपऱ्यातलं रॉकेल घेतलं आणि पुसलं. फोटो? फोटो राहिला. नियम दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईने, बोट नाचवणाऱ्या बाईने.

मला एवढा संताप आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी सुनेलाच म्हटलं, "रडू नकोस, पाणी पी."

तेवढ्यात आजी उंबरठ्यात येऊन उभ्या राहिल्या. ओले केस, चष्मा पुसून नाकावर चढवलेला. त्यांनी दाराकडे पाहिलं, जाऊबाईंच्या हातांकडे पाहिलं. "मास्तरीणबाई, सकाळी सकाळी दार धुतेस?"

"रंग सांडला होता, आजी."

"बरं," आजी म्हणाल्या, "साबणाने हात धू, रॉकेलचा वास जात नाही." आणि चहा टाकायला आत गेल्या.

वकीलबाई आल्या. त्यांनी दार बघितलं, जाऊबाईंकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मागोमाग चष्मेवाल्याबरोबर हवालदार आले. त्यांनी काचा बघितल्या, दगड उचलून पिशवीत टाकला, दारासमोर उभे राहून म्हणाले, "इथे काय?"

"इथे लिहिलं होतं साहेब," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याला आत्ता कळलं. तो त्या फराट्याकडे बघतच राहिला.

"काय लिहिलं होतं ते यांनी मला वाटेत सांगितलंय, मी टिपून घेतलंय," हवालदार म्हणाले. "पण हे झाले तक्रार करणारे. यांनी सांगायचं आणि आम्ही लिहायचं असं नसतं. आणखी कुणी वाचलंय?"

"मी," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि पुसलं कुणी?"

"मीच."

हवालदार वाईट माणूस नव्हता. तो हसलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही केंद्राच्या. पुसणार तुम्हीच, सांगणार तुम्हीच. साहेब मला विचारतील. दुपारी या सगळे चौकीत. तोवर कुणी मिळालं तर बघा."

तो गेल्यावर वकीलबाईंनी आम्हाला दुकानात बसवून उलगडून सांगितलं. दारावरचं ज्याने स्वतः वाचलंय अशा आणखी कुणीतरी सांगितलं तर गुन्हा द्वेषातून झाला म्हणून नोंदला जाईल. मग गल्लीत पोलीस बसेल, नाक्यावरच्या पोरांची चौकशी होईल, परत असं केलं तर काय होईल ते त्यांना कळेल. आणि नाही सांगितलं तर एक काच फुटली. खोडसाळपणा. कागद बंद, आणि ती पोरं उद्या परत येतील, या वेळी आणखी जोरात.

चष्मेवाला ट्रेमधल्या फ्रेमा एकेक करून खोक्यात भरत होता. "जाऊ द्या हो बाई," तो म्हणाला. "बहिणीकडे खोली आहे. आज निघतो आम्ही. त्यांना तेच पाहिजे ना, घेऊ देत." आवाज शांत होता, पण फ्रेमेच्या काड्या मिटता मिटत नव्हत्या.

जाऊबाई ताडकन उठल्या. "संध्याकाळपर्यंत थांबा. खोका बांधू नका." आणि चपला न घालताच बाहेर.

मी त्यांच्या मागे. त्यांच्या चालीला माझी व्हॅनसुद्धा पुरली नसती. समोर इस्त्रीवाला. त्याचं टेबल त्या दाराच्या नाकासमोर. म्हणाला, "माझी मान खाली असते ताई, इस्त्री करताना वर बघितलं तर शर्ट जळतो." पलीकडे किराणावाली. तिने डोळे बारीक केले. "मला लांबचं दिसत नाही हो चष्म्याशिवाय."

"चष्मा आहे ना नाकावर?" मी म्हटलं. "कुणी बनवून दिला तो? समोरच्यानेच ना?"

तिने चष्मा काढून हातात घेतला. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण तिच्या दुकानालाही काचच होती. दूधवाला म्हणाला काहीतरी काळं होतं खरं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांनी खिडकी लावून घेतली. शिंपी म्हणाला, "लिहिलं होतं. पण काय, ते मला विचारू नका. लेकीबाळी आहेत घरात." जाऊबाई प्रत्येक दारात हात जोडून उभ्या राहात होत्या. काळे हात. लोक तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होते. गल्ली संपली, तशा त्या परत फिरल्या आणि पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करायला लागल्या. मी दंडाला धरून ओढलं तेव्हा थांबल्या.

"मी घालवलं गं त्यांना," त्या म्हणाल्या. "त्या पोरांना जमलं नाही ते मी केलं. एका फडक्यात."

मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

पोरांना शाळेतून आणायला मी दुसऱ्या व्हॅनवाल्याला सांगितलं आणि सगळ्यांना गाडीत घेतलं. आजींना शेजारणीकडे बसवायचं ठरलं होतं. त्या ऐकेनात. "मी एकटी काय करू? मला घ्या." मुलगा म्हणाला, "आई, चौकीत काय काम आहे तुझं?" आजींनी काठी आधी आत टाकली आणि मग स्वतः चढल्या. एरवी खिडकीला नाक लावून बसतात, त्या दिवशी रस्ताभर समोर बघत होत्या. एकही पाटी वाचली नाही. माझ्या ते लक्षात आलं, पण मला वाटलं घाबरल्या असतील.

चौकीतले साहेब तरुण होते, टेबलावर फायलींचा ढीग, पंखा करकरत होता. चष्मेवाल्याने सांगितलं. हवालदाराने सांगितलं. साहेबांनी जाऊबाईंकडे बघितलं. "तुम्ही वाचलंत म्हणता. काय लिहिलं होतं?"

जाऊबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी बाकावर आजी. जाऊबाईंनी आजींकडे पाहिलं. "घाण लिहिलं होतं, साहेब."

"घाण म्हणजे?"

"यांच्या लोकांना... यांना नावं ठेवणारं."

"शब्द सांगा. मला शब्द लागतो."

जाऊबाई आजींकडे बघत होत्या. मी त्यांना आयुष्यात असं कधी बघितलं नव्हतं, हात बाजूला लोंबलेले, बोटं हलत नाहीत. "आजींना जरा बाहेर बसवता का?" त्या म्हणाल्या. "मग सांगते. त्यांच्यासमोर नको."

साहेबांनी पेन ठेवलं. "बाई, असं बघा, मलाही वर उत्तर द्यावं लागतं. केंद्राची बाई, तिनेच पुसलं, आणि आता शब्द तिच्या तोंडून निघत नाही..." त्यांनी हवालदाराला खूण केली, आणि हवालदार आजींना उठवायला पुढे झाला.

"मी नाही उठत," आजी म्हणाल्या. "मला कागद द्या."

"आई, काय करतेस?" चष्मेवाला म्हणाला.

"कागद द्या म्हटलं ना."

साहेबांनी कोरा कागद आणि पेन टेबलाच्या कडेला सरकवलं. आजींनी बाक पुढे ओढायला लावला, चष्मा नीट केला आणि लिहायला लागल्या. वर्गात लिहितात तसंच, जीभ दातांत धरून, प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलून.

शब्द दोनच होते. दुसरा होता 'निघा'. पहिला मी इथे लिहिणार नाही. ज्या लोकांसाठी तो वापरतात त्यांनी तो पुरेसा ऐकलाय, त्यात माझी भर नको.

लिहिता लिहिताच त्या बोलल्या, वर न बघता. "काच फुटली तेव्हा हे दोघं दुकानात धावले. मी दार उघडलं, बाहेर कोण आहे बघायला. उजाडलं होतं. रंग ओला होता, खालच्या फळीवर बुटाची लाथ मारल्याची खूण होती. मी वाचलं. दोनदा वाचलं, म्हटलं आपलंच चुकत असेल. मग दार लावलं आणि आंघोळीला गेले." त्यांनी पेन उचललं. "याला वाटलं आईला कळू नये. हिला वाटलं सासूला कळू नये. आणि ही मास्तरीण, हिने तर हात काळे केले. मग मी कशी सांगू की मला वाचता येतं? एवढी मेहनत घेऊन माझ्यापासून लपवत होते सगळे."

सुनेने तोंडावर पदर घेतला. चष्मेवाला आईजवळ खाली बसला, तिच्या गुडघ्याला हात लावून, लहान पोरासारखा.

साहेबांनी कागद न उचलता वाकून वाचला. हवालदाराने सकाळी टिपलेलं त्याच्या शेजारी ठेवलं. दोन्ही एकच होतं. "लाथेचं तुम्हाला यांच्यापैकी कुणी सांगितलं का, आजी?"

"यांना माहीत तरी आहे का? रॉकेलने रंग जातो, लाकूड नाही भरून येत. जाऊन बघा, असेल अजून."

साहेब हवालदाराला म्हणाले, "आत्ता जा. फळीचा फोटो घेऊन ये. आणि संध्याकाळपासून गल्लीत माणूस बसव." मग समोरचा कागद ओढला, वर लिहिलेलं 'खोडसाळपणा' खोडलं, आणि वकीलबाईंनी सकाळपासून द्वेषाच्या गुन्ह्याचे जे शब्द धरून ठेवले होते ते एकेक विचारत लिहायला लागले. चष्मेवाल्याने खिशातून फोन काढला आणि बाहेर जाऊन बहिणीला सांगितलं, "आज नाही येत आम्ही. नाही, उद्याही नाही."

मला वाटलं झालं. मी गाडीची किल्ली शोधायला लागले. पण आजी जागच्या हलल्या नव्हत्या. साहेबांनी त्यांचा कागद घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग उचलला, वर्गात पाटी धरतात तसा, जाऊबाईंच्या समोर.

"मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "बरोबर आहे का गं?"

जाऊबाई त्या शब्दाकडे बघत होत्या. अक्षरं मोठी होती, ठसठशीत, त्यांनीच हात धरून गिरवून घेतलेली. एरवी उत्तर द्यायला त्यांना क्षण लागत नाही. साहेब थांबले, वकीलबाई थांबल्या, आणि आजींनी हात खाली केला नाही.

जाऊबाईंचे गाल ओले झाले होते, आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"बरोबर आहे, आजी," त्या म्हणाल्या. "एक अक्षरसुद्धा चुकलं नाही."